कोपरीतली शॉर्टफिल्म आणि गवती चहाचा कप: एक केस

मी एडिटर. ठाण्यात पाचपाखाडीत एक छोटी रूम आहे, तिथे लग्नाचे व्हिडिओ, डोहाळजेवणं, क्लासेसच्या जाहिराती असलं सगळं कापत बसते, पंधरा वर्षं झाली आता. पण सिनेमा म्हणाल तर जीव एकाच प्रकारावर, हिंदीतला तो प्रकार ज्यात ज्याच्यावर प्रेम त्याचीच भीती वाटते. वो कौन थी मधली साधना पांढऱ्या साडीत पावसात रस्त्यात उभी असते आणि आपल्याला कळत नाही हिच्याजवळ जावं की गाडी पळवावी, ते. त्यामुळे मागच्या पावसाळ्यात मैत्रिणीची मुलगी हार्डडिस्क घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, रोमँटिक थ्रिलर केलाय, बावीस मिनिटांचा, काहीतरी गंडलंय पण नक्की काय ते आम्हाला कळत नाहीये, तू बघ ना एकदा," तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवून लगेच बसले.

पुढचे दोन अडीच महिने त्या फिल्मचं जे जे झालं ते लिहून काढतेय, कारण इतकी वर्षं हे सिनेमे बघून जे मला धूसर कळत होतं ते या एका फिल्मवर काम करताना स्वच्छ दिसलं. तिला विचारूनच लिहितेय, नावं कुणाचीच देत नाही.

तर गोष्ट अशी होती. नवीन लग्न झालेलं जोडपं, कोपरीत वन बीएचके, स्टेशन जवळ त्यामुळे दिवसभर गाड्यांचा आवाज. मुलगी चिपळूणची, ठाणं तिला नवीन. नवरा शांत, कमी बोलणारा, सकाळी तिच्या आधी उठून चहा करणारा. पहिली दहा मिनिटं दोघं एकमेकांना ओळखायला लागतात, तलावपाळीवर फिरतात, मिसळ खातात, पावसात स्कूटर बंद पडते, आठव्या मिनिटाला गाणं. अकराव्या मिनिटाला तिला माळ्यावर एक बॅग सापडते, त्यात बाईचे कपडे आणि मंगळसूत्र, म्हणजे नवऱ्याची आधी एक बायको होती आणि त्याने सांगितलंच नाही. मग रात्रीचे फोन, शेजारच्या काकूंचं अर्धवट बोलणं, नवऱ्याची बदललेली नजर, आणि शेवटी कळतं की पहिलीला त्यानेच मारलं, आता हिची पाळी, ही कशीबशी दार उघडून जिन्यातून पळते. संपलं.

कॅमेरा चांगला होता, दोघांचा अभिनय पण चांगला होता, मुलगी तर फारच गोड काम करते. म्हणून मी लगेच काही बोलले नाही, म्हटलं आधी माणसांना दाखवू.

नौपाड्यात मैत्रिणीच्या हॉलमध्ये टीव्हीला लावलं, चौदा जण होते, कॉलेजची मुलं, दोन तीन काका, बिल्डिंगमधल्या बायका. मी टीव्हीच्या बाजूला स्टूल टाकून लोकांकडे तोंड करून बसले, हातात वही. ही माझी जुनी सवय आहे, फिल्म कुठे पडते ते स्क्रीनवर दिसत नाही, बघणाऱ्याच्या हातात दिसतं, मोबाईल कधी बाहेर येतो ते बघायचं. पहिली दहा मिनिटं सगळे छान बघत होते, मिसळीच्या सीनला हसले पण. बॅग सापडली तेव्हा जरा सरसावून बसले. आणि तेराव्या मिनिटापासून एकेक मोबाईल बाहेर, सोळाव्या मिनिटाला मी मोजले तर चौदातले सात जण खाली बघत होते. खुनाचा उलगडा झाला तेव्हा कुणी हूं पण केलं नाही. नंतर सगळे म्हणाले छान आहे, गाणं छान आहे, ठाणं छान दाखवलंय.

चहा घेताना मात्र दोन वाक्यं कानावर पडली ती मी वहीत लिहून घेतली. एक काकू म्हणाल्या, "ठरवून झालेलं लग्न ना, मग मुलीकडच्यांनी चौकशी नाही केली? पहिलं लग्न लपतं होय कुठे?" आणि दुसऱ्या, त्या तर निघता निघता चपला घालताना म्हणाल्या, "बॅग सापडल्यावर तो हसायचाच बंद झाला ना, तिथेच मला कळलं."

सगळी केस या दुसऱ्या वाक्यात आहे. पोरांना वाटत होतं ट्विस्ट कमी पडला, बॅकग्राउंड म्युझिक कमी पडलं. पण काकूंनी बरोबर सांगितलं होतं. फिल्मचे दोन तुकडे होते, आधी प्रेम आणि मग थरार, आणि थरार सुरू झाला की प्रेमाने घर सोडलं होतं. नवरा एकदम थंड, डोळे बारीक, दारात उभं राहून बघतोय. मग बघणाऱ्याला काम काय उरलं? उत्तर एकच आहे, फक्त ते सिद्ध व्हायची वाट बघायची, आणि नुसती वाट बघायची असेल तर माणूस मोबाईल काढणारच. संशय टिकायचा तर दोन्ही उत्तरं जिवंत लागतात, हा माणूस चांगला पण असू शकतो आणि वाईट पण, आणि चांगला असण्याची बाजू जिवंत ठेवायचं काम थ्रिलरमध्ये प्रेमच करतं. प्रेम म्हणजे तिथे विश्रांती नाहीये, प्रेम हाच आरोपीच्या बाजूचा पुरावा आहे.

हे मी मैत्रिणीच्या मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पण मावशी, हिंदी थ्रिलरमध्ये पण गाणी असतात, मग मारामारी असते, ते पण दोन तुकडेच की." तर मग मी म्हटलं बस, आपण राज खोसला बघू.

राज खोसलांनी साधनाला घेऊन तीन सस्पेन्स सिनेमे केले, १९६४ चा वो कौन थी, १९६६ चा मेरा साया आणि १९६७ चा अनिता. मूळचे ते गुरुदत्तचे असिस्टंट, त्याआधी १९५६ ला सी.आय.डी. करून बसलेले, म्हणजे थरार त्यांना येतच होता. पण साधनाबरोबरच्या सिनेमांत त्यांनी केलं काय, तर गूढ हे खुनात नाही ठेवलं, गूढ बाईच्या चेहऱ्यात ठेवलं. वो कौन थी मध्ये डॉक्टर झालेल्या मनोजकुमारला पावसाळी रात्री रस्त्यात एक बाई भेटते, आणि पुढे त्याचं लग्न होतं तर नवरीचा चेहरा तोच. आता लग जा गले हे गाणं आठवा, मदनमोहनचं संगीत, राजा मेहदी अली खान यांचे शब्द, लताबाईंचा आवाज. आपण ते गाणं लग्नाच्या व्हिडिओत टाकतो, मी स्वतः शंभर वेळा टाकलंय, आणि सिनेमातली त्याची जागा विसरून जातो. सिनेमात ते गाणं भीती सुरू झाल्यावर येतं. मनोजकुमारला माहीत नाही की समोरची बायको आहे, भूत आहे की कट आहे, आणि ती त्याला जवळ बोलावतेय, कदाचित पुन्हा भेट होणार नाही असं म्हणतेय. तेच वाक्य बायकोच्या तोंडी विनवणी आहे आणि भुताच्या तोंडी धमकी आहे, आणि साधना असं गाते की दोन्ही खरं वाटतं. ज्यांनी बघितला नसेल त्यांनी पुढचं वाक्य सोडा: बायको निर्दोष निघते, कट दुसऱ्यांचाच असतो. पण ते कळेपर्यंत प्रेम एक क्षण पण थांबलेलं नसतं, उलट भीती जितकी वाढते तितकं ते गडद होतं.

मेरा साया तर अजून आपल्या जवळचा. तो मूळ मराठी, राजा परांजप्यांचा १९६४ चा पाठलाग, त्यावरून केलेला. पाठलागमध्ये हिरो डॉ. काशिनाथ घाणेकर. घोडबंदर रोडला त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, तिथे आपण नाटकं बघतो, पोरीने २०१८ चा त्यांच्यावरचा सिनेमा पण बघितलेला, पण त्यांनी मराठीत असा सस्पेन्स केलाय हे तिला माहीत नव्हतं. दोन संध्याकाळी आम्ही दोन्ही सिनेमे लागोपाठ बघितले. मेरा सायामध्ये सुनील दत्त वकील, बायको त्याच्या डोळ्यांसमोर गेलेली, आणि मग पोलिस डाकूंच्या टोळीतली एक बाई पकडतात, हुबेहूब तोच चेहरा, आणि ती म्हणते मीच तुमची बायको. कोर्टात उलटतपासणी तोच घेतो. आणि ती पुरावा म्हणून काय देते, तर नवराबायकोच्या खाजगी गोष्टी, ज्या तिसऱ्याला माहीत असूच शकत नाहीत. म्हणजे प्रेमाच्या आठवणी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या! प्रेक्षक म्हणून आपण तिच्यावर विश्वास ठेवायला आतुर असतो कारण ती ज्या गोष्टी सांगते त्या गोड आहेत, आणि त्याच कारणाने घाबरतो पण, कारण हे सगळं कुणी पढवून ठेवलेलं असलं तर?

पाठलागमधलं आशाबाईंचं ते गाणं आहे बघा, डोळ्यांची दोन पाखरं तुमच्याभोवती फिरत राहतील म्हणणारं, गदिमांचं, दत्ता डावजेकरांची चाल. त्यात सिनेमाच्या नावातला पाठलाग हा शब्द येतो आणि तो प्रेमाचं वचन म्हणून येतो, कुठेही जा ही नजर मागे येणारच. मी ते गाणं लहानपणापासून ऐकतेय, पण त्या संध्याकाळी पोरगी पटकन म्हणाली, "मावशी, हे किती रोमँटिक आहे आणि किती भीतीदायक आहे." हिंदीत त्याच जागी साया आलाय, तू जिथे जाशील तिथे माझी सावली सोबत येईल. एकाच शब्दात सोबत पण आहे आणि पिच्छा पण आहे. मला वाटतं हा अख्खा जॉनर त्या एका शब्दात मावतो आणि तो शब्द मराठीत गदिमांनी आधीच लिहून ठेवला होता, याचा मला खरंच अभिमान वाटतो.

असो. आता दुरुस्ती.

कॅमेरा करणारा मुलगा म्हणाला रोमान्स कापून टाकू, दहाचा चार मिनिटांवर आणू, लगेच बॅग सापडू दे, लोकांना वेग पाहिजे. मला पटत नव्हतं पण मी एडिटर आहे, वाद घालण्यापेक्षा कापून बघणं सोपं असतं. एका रात्रीत चौदा मिनिटांचा कट केला, गाणं पण काढलं, पाच सहा जणांना दाखवला. त्यांनी मोबाईल काढले नाहीत, कारण फिल्म छोटी होती, पण विचारलं कसं वाटलं तर म्हणाले "ठीक आहे, मग?" ती मुलगी पळाली काय आणि राहिली काय, त्यांना काहीच फरक पडत नव्हता. स्कूटर बंद पडल्यावर तो तिच्या डोक्यावर स्वतःचं हेल्मेट धरतो पावसापासून वाचवायला, तो सीन गेला होता, आणि तो सीन गेल्यावर तिचं काही जाणार आहे हेच कुणाला वाटेना. माणूस गमावायची भीती तेव्हाच वाटते जेव्हा तो आधी मिळालेला असतो.

गाण्याशिवाय थ्रिलर होत नाही असं नाही बरं का, यश चोप्रांचा १९६९ चा इत्तेफाक आहे, राजेश खन्ना आणि नंदा, एक रात्र, एक घर, एक पण गाणं नाही. पण तिथे पण त्या दोघांमध्ये जी ओढ तयार होत जाते तीच तुम्हाला बसवून ठेवते. म्हणजे प्रश्न गाण्याचा नाही, ओढ कुठे ठेवलीय त्याचा आहे.

दुसरा एक जण म्हणाला अजून एक ट्विस्ट टाकू, शेजारच्या काकू पण सामील आहेत असं दाखवू. ते मी ऐकूनच सोडून दिलं.

मग मी माझं नेहमीचं काम केलं, सगळं रॉ फुटेज पहिल्यापासून बघितलं. जवळजवळ सहा तासांचं होतं. हे काम कंटाळवाणं वाटतं पण माझा अनुभव आहे की फिल्म काय व्हायची होती ते टाकून दिलेल्या टेकमध्ये सापडतं. आणि सापडलं. पहिल्या दिवसाचं शूट, सकाळचा चहाचा सीन, तिसरा टेक. तो कप आणून देतो, ती घोट घेते आणि क्षणभर तोंड वाकडं होतं, मग सावरून हसते आणि पिते. टेक रद्द केलेला. मी विचारलं हे काय, तर म्हणाली, "अगं तो आत्याचा फ्लॅट ना, आत्याने सेटवर सगळ्यांना गवती चहा घालून चहा दिला, आणि आमच्या हिरोईनला गवती चहा अजिबात चालत नाही." आत्याच्या गॅलरीत गवती चहाची मोठी कुंडी होती, दोन तीन शॉटमध्ये मागे दिसत पण होती.

मी तिला म्हटलं, थांब, हीच आपली फिल्म.

विचार करा. नवरा रोज प्रेमाने गवती चहा घालून चहा करतो. बायकोला तो आवडत नाही, पण नवीन लग्न, ती सांगत नाही, पिते. पहिल्यांदा बघताना हे गोड आहे, सगळ्यांच्या घरात असं काहीतरी होतंच. मग कळतं की कुंडी पहिल्या बायकोने लावलेली. मग तो चहा नक्की कुणासाठी करतोय? आणि पहिली कशाने गेली ते कुणी नीट सांगत नाही, आणि ही रोज त्याने दिलेला कप रिकामा करतेय, आणि तो समोर बसून कप संपेपर्यंत बघतोय. काहीच नवीन घडलेलं नाहीये, रोजचा तोच चहा आहे, फक्त आता त्याचे दोन अर्थ झाले. प्रेमाची जी खूण होती तीच संशयाची खूण झाली, आणि प्रेम कुठे पण थांबलं नाही.

पहिल्या काकूंचा मुद्दा पण यातच सुटला. चौकशी झाली नाही का, तर झाली. मुलीला आणि घरच्यांना माहीत आहे तो बिजवर आहे, पहिली आजारी होती असं सांगितलंय. त्यामुळे बॅग सापडणं हा धक्का नाही राहिला. धक्का जाऊ दे, थ्रिलरवाल्या हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं सांगितलंय ना, अचानक फुटला तर दोन क्षणांचा धक्का, आणि प्रेक्षकाला आधी माहीत असेल तर मग टेबलावर चाललेल्या साध्या गप्पा पण जीव खातात. १९९३ च्या बाज़ीगरचं तेच तर आहे, शाहरुख गच्चीवरून शिल्पा शेट्टीला ढकलतो ते आपल्याला दिसलंय, काजोलला माहीत नाही, त्यामुळे त्यानंतर तो काजोलशी जितकं गोड बोलतो तितकी आपल्याला धडकी भरते. आमच्या फिल्ममधला बॉम्ब चहाच्या कपात गेला.

एक दिवसाचं रीशूट ठरलं. हिरोने मधल्या काळात मिशी ठेवली होती ती काढायला लावली, आत्याने कुंडीतला गवती चहा पावसात वाढला म्हणून अर्धा कापून शेजारी वाटून टाकला होता तर समोरच्या बिल्डिंगमधून दुसरी कुंडी उसनी आणली, जुन्या शॉटशी मॅच करायला सकाळचा ढगाळ उजेड मिळेपर्यंत अकरा वाजेपर्यंत नुसते बसून राहिलो. चार सीन घेतले. "गवती चहा टाकलाय, तुला आवडतो ना" हे वाक्य त्याच्या पाठमोऱ्या शॉटवर डब केलं, त्याला पैसे लागले नाहीत. आणि जिथे नवरा थंड नजरेने दारात उभा होता ते सगळे शॉट मी काढून टाकले, एक पण ठेवला नाही. त्याऐवजी पहिल्या भागातले त्याचे हसरे, मायेने बघणारे शॉट उचलले आणि दुसऱ्या भागात वापरले. तोच शॉट! पहिल्यांदा येतो तेव्हा आवाजात पाऊस आहे, भांड्यांचा आवाज आहे, खाली कुणीतरी भाजीवाल्याशी बोलतंय. दुसऱ्यांदा येतो तेव्हा फक्त फ्रिजचा आवाज, आणि कोपरीत दिवसभर ऐकू येणारी लोकल मी तिथे बंद केली. रशियात कुलेशोव नावाच्या दिग्दर्शकाने शंभरेक वर्षांपूर्वी दाखवून दिलेलं की एकच चेहरा शेजारच्या शॉटप्रमाणे वेगळा दिसतो, ते पुस्तकात वाचलं होतं, पण स्वतःच्या टाइमलाइनवर ते होताना बघून माझ्या अंगावर काटा आला, माया दाखवणारं हसू माझ्याच डोळ्यांसमोर भयानक दिसायला लागलं आणि मी एक फ्रेम पण बदलली नव्हती.

सगळ्यात मोठा बदल गाण्याचा. आठव्या मिनिटावरून उचलून तेराव्या मिनिटाला नेलं, फिल्ममधल्या शेजारच्या काकूंनी कुंडी पहिल्या बायकोची असल्याचं सांगितल्यानंतर. सगळे म्हणाले आता संशय आल्यावर गाणं कसं, वेग मरेल. मी म्हटलं लग जा गले कुठे आहे ते आठवा. गाणं तेच, शूट तेच, उपवन तलावाच्या काठावर दोघं, तो तिची ओढणी सावरतो. पण आता बघणारा तिच्या हसण्याबरोबर तिचे डोळे पण बघतो. आणि खरं सांगायचं तर तिने तेव्हा तसं काही केलेलं नव्हतं, ते आपण बघणारेच घालतो.

शेवटावर मात्र भांडण झालं, खरंखुरं, दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोलत नव्हतं. पोरं म्हणत होती खुनी तोच पाहिजे, थ्रिलर आहे. प्रेम करणारा खुनी निघाला तर चालत नाही असं अजिबात नाही, १९९७ च्या गुप्तमध्ये काजोलच खुनी आहे आणि ती खून करते ते प्रेमापायी, त्या रोलला तिला फिल्मफेअरचं खलनायकाचं अवॉर्ड मिळालं, ते मिळणारी ती पहिली बाई. पण तिथे उलगडा झाल्यावर प्रेम खोटं पडत नाही, प्रेमच कारण निघतं. आमच्या जुन्या शेवटात नवरा खुनी निघाला की हेल्मेट खोटं, चहा खोटा, सगळं नाटक, म्हणजे प्रेक्षकाने दहा मिनिटं जे दिलं ते वाया. माझं म्हणणं होतं, गुन्ह्याचं उत्तर काही पण द्या, पण त्याच उत्तराने प्रेमाचं पण उत्तर मिळालं पाहिजे. श्रीराम राघवनचा २०१८ चा अंधाधुन घ्या, पुण्यात घडणारा, शेवटी स्वतःला आंधळा म्हणवणारा हिरो आयुष्मान खुराना आपली सगळी कहाणी राधिका आपटेच्या सोफीला सांगतो, आणि मग काठीने रस्त्यातला कॅन उडवतो. प्रश्न खुनाचा राहतच नाही. जिने त्याच्यावर जीव लावला तिने आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्न राहतो.

शेवटी जे ठरलं ते पोरीने स्वतः लिहिलं, माझं नाही. बॅगेत कपड्यांच्या खाली हॉस्पिटलची फाईल असते. पहिलीला अन्ननलिकेचा कॅन्सर होता, शेवटी शेवटी तिला पाणी पण गिळता येत नव्हतं. पण ही फाईल प्रेक्षकांना आधी वाचू द्यायची नाही, नायिकेला पण नाही. आधी नायिका एक सकाळ लवकर उठते, स्वतः कुंडीतला गवती चहा कापते, दोन कप करते आणि त्याच्यासमोर ठेवते. ती बघतेय तो पितो का. आणि तो एका क्षणाचा पण विचार न करता कप उचलतो, पितो, आणि म्हणतो, "तू पण घे ना." तेवढंच. तिने त्याची परीक्षा घेतली आणि त्याला परीक्षा आहे हे कळलं पण नाही. मग फाईल येते, आणि तो रोज कप संपेपर्यंत का बघत बसायचा ते कळतं, की या घरात कुणीतरी अख्खा कप पिऊ शकतंय हे बघायचं होतं त्याला. मला हे पहिल्यांदा कागदावर वाचून रडू आलं आणि मी ते लपवलं पण नाही.

दुसऱ्यांदा तोच हॉल, अकरा जण, त्यातले तिघे जुने, आणि चपला घालताना बोललेल्या काकू मी मुद्दाम बोलावल्या होत्या. मी परत स्टूल टाकून वही घेऊन. तेराव्या मिनिटाला गाणं लागलं आणि कुणी हललं नाही. पंधराव्या मिनिटाला ती कप तोंडाला लावते तिथे मागून एका मुलीचा आवाज आला, "पिऊ नको," मोठ्याने, आणि मग तीच ओशाळली. पोरगी अंधारात माझा हात धरून बसली होती तिने तो असा दाबला की नखं लागली. फाईलच्या वेळी कुणी काही बोललं नाही, पण मागच्या वेळी पण कुणी बोललं नव्हतं, आणि या दोन शांततांमध्ये किती फरक असतो ते समोर बसल्याशिवाय नाही कळत.

सगळ्यांना आवडली असं नाही. एक काका म्हणाले खुनाचं काहीतरी असेल म्हणून बघत बसलो, शेवट फारच शांत आहे. ते मी मान्य करते, ज्याला खून पाहिजे त्याला ही फिल्म कमी देते. फिल्ममधल्या शेजारच्या काकूंचं बोलणं अजून पाण्यात पडल्यासारखं वाटतं, त्या सीनमध्ये त्यांना माहिती देण्यापलीकडे काही काम नाही, आणि रीशूटच्या दिवशी माझ्या ते लक्षात यायला हवं होतं. चपलावाल्या काकूंना विचारलं या वेळी कधी कळलं, तर म्हणाल्या, "मला दोनदा कळलं आणि दोन्ही वेळा चुकलं." मग थोडा वेळ थांबून विचारलं, "पण तिने त्याला कधी सांगितलं का मग, की तिला गवती चहा आवडत नाही म्हणून?" पोरीकडे उत्तर नव्हतं. तिथून घरी जाताना गोखले रोडभर ती त्याचाच विचार करत होती.

सहाव्या मिनिटाला दोन मोबाईल मात्र या वेळी पण बाहेर आले होते, मिसळीच्या सीननंतर लगेच. तिथे अजून पंधरा एक सेकंद जास्त आहेत असं मला वाटतं, तिला वाटतं मुलीच्या आईचा फोन येतो तो शॉट लांबलाय. रविवारी येणारे ती, दोन्ही पद्धतीने कापून बघू.